उणे १९२०

"अगं, उघडतच नाहीये तो." मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. आवाजावरूनच कळलं की ती बराच वेळ एकटीच झगडत बसली होती. "खाली पट्टीवर चिन्ह येतं त्याचं. त्याच्याखाली रेघ पण उमटते. म्हणजे चालू झालाय ना? मग दिसत का नाही? मी काय बिघडवलं?"

मावशी दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. निवृत्त झाल्यापासून तिनं हेच काम धरलंय, आणि नोकरीही केली नसेल इतक्या काटेकोरपणे ती ते करते. एक प्रकरण वाचायचं, मग ऐकायचं, अडखळलेली वाक्यं कापायची, श्वासाचा आवाज कमी करायचा, पुन्हा ऐकायचं. हे सगळं ज्या प्रोग्राममध्ये चालतं तोच आता दिसेनासा झाला होता, आणि अकरावं प्रकरण अर्ध्यावर होतं.

तिचा शेवटचा प्रश्न मला लागला. मी काय बिघडवलं? कॉम्प्युटरवर काही अडलं की पहिल्यांदा स्वतःला दोष देणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांची काहीच चूक नसते. त्या रात्रीही नव्हती. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

"त्या चिन्हावर माउस नुसता ने, क्लिक करू नकोस. काय दिसतं?"

"छोटं चित्र आलं." मग जरा वेळ शांतता. "अगं, हा काय, इथे तर आहे! वरचा मेन्यू, ते लाल गोल बटण, सगळं आहे. पण एवढंसं. मोठं कुठे गेलं?"

ते बोटभर चित्र खरं असतं. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडो आधी मेमरीत स्वतंत्रपणे रंगवली जाते आणि मग सगळ्यांची जुळणी करून एक अख्खी स्क्रीन तयार होते. त्यामुळे एखादी विंडो स्क्रीनच्या कुठल्याच भागात येत नसली तरी तिचं चित्र मेमरीत तयार असतं, आणि टास्कबार, म्हणजे खालची ती पट्टी, तेच छोटं करून दाखवतो. प्रोग्राम चालू होता, विंडो उघडली होती, रंगवली जात होती. फक्त ती जिथे उघडली होती तिथे स्क्रीनच नव्हती.

हे मला एका क्षणात कळलं, कारण असं माझ्याही बाबतीत पूर्वी झालं होतं. मी म्हटलं, "विंडोजची कळ धरून ठेव आणि डावा बाण दाब." २००९च्या विंडोज ७पासून ही सोय आहे. समोर असलेली विंडो स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात येऊन बसते, आणि हरवलेल्या विंडोला परत आणायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. मला खात्री होती की अर्ध्या मिनिटात मावशी हसेल.

"काही नाही झालं. आणि काही दाबलं की टण असा आवाज येतोय."

पुन्हा एकदा. पुन्हा टण. तिसऱ्यांदा मावशी म्हणाली, "काढून टाकून परत घालू का प्रोग्राम?" मी घाईघाईनं नको म्हटलं. ती दमली होती, मलाही पुढचं सुचत नव्हतं. उद्या सकाळी बघू म्हणून आम्ही फोन ठेवला.

झोप काही लागली नाही. अंधारात पडल्या पडल्या मी मागचे दोन दिवस आठवत गेले आणि गाडी शनिवारपाशी येऊन थांबली. शनिवारी मी माझा मोठा मॉनिटर तिच्याकडे नेला होता. लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर आवाजाच्या त्या बारीक रेघा बघून तिचे डोळे दुखतात. दिवसभर तरी तिला मोठ्या स्क्रीनवर काम करता यावं म्हणून मी तो तिच्या टेबलावर लॅपटॉपच्या डावीकडे ठेवला, वायर जोडली, तिचा प्रोग्राम ओढून त्या मॉनिटरवर नेला आणि ऐसपैस पसरून दिला. संध्याकाळी तिनं काम संपवून प्रोग्राम बंद केला. मी वायर काढली, मॉनिटर उचलला आणि घरी आले.

म्हणजे बिघडवलं कुणी असेल तर मी.

हे नेमकं कसं घडतं ते सांगायला हवं. कॉम्प्युटरला स्क्रीन म्हणजे आकड्यांचा तक्ता वाटतो. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. तिथून उजवीकडे गेलं की पहिला आकडा वाढतो, खाली गेलं की दुसरा वाढतो. शाळेत आलेखाच्या कागदावर वर जाताना आकडा वाढायचा, इथे खाली जाताना वाढतो. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर इलेक्ट्रॉनचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून एकेक ओळ रंगवत खाली उतरायचा. मोजणी तिथूनच सुरू करणं सोयीचं होतं, आणि नळ्या गेल्या तरी मोजणीची दिशा राहिली.

आता मुख्य मॉनिटरच्या उजवीकडे दुसरा जोडला तर त्याचे आकडे पहिल्याचे संपतात तिथून पुढे सुरू होतात. पण दुसरा डावीकडे ठेवला तर? शून्याच्या डावीकडे उणे आकडे असतात. माझा मॉनिटर १९२० ठिपके रुंद. मावशीच्या लॅपटॉपच्या शून्यापासून डावीकडे उणे १९२०पर्यंतचा सगळा प्रदेश शनिवारी त्याच्या मालकीचा होता. तिचा प्रोग्राम त्या प्रदेशात होता. बंद होताना त्यानं आपल्या डाव्या काठाचा आकडा, वरच्या काठाचा आकडा, रुंदी आणि उंची अशा चार गोष्टी लिहून ठेवल्या, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना मालकिणीनं जिथे ठेवलं होतं तिथेच उघडता यावं. डावा काठ उणे सतराशे-अठराशेच्या आसपास असणार.

रविवारी मावशीनं प्रोग्राम उघडला. त्यानं टिपून ठेवलेले आकडे वाचले आणि इमानेइतबारे उणे सतराशेवर जाऊन उघडला. आता तिथे कुणीच नव्हतं.

मला यात प्रोग्रामची वाईट वृत्ती दिसत नाही, उलट त्याच्या आठवणीचं कौतुकच वाटतं. कितीतरी वर्षं प्रोग्राम एवढंही लक्षात ठेवत नसत. रोज उघडायचा, रोज ओढून आपल्या जागी न्यायचा, रोज त्याचा आकार ठीक करायचा. ज्यानं ही आठवण पहिल्यांदा लिहिली त्यानं वापरणाऱ्याचा विचार केला होता. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला. मी जिथे जायला निघालोय ती जागा अजून आहे का?

विंडो अशी हरवणं एकेकाळी शक्यच नव्हतं. नोव्हेंबर १९८५मध्ये आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रामच्या विंडो एकमेकींवर चढत नसत. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी शेजारी बसत आणि मिळून सगळी जागा भरून टाकत. एक मोठी केली की दुसरी आपोआप लहान व्हायची. काठाबाहेर जायला वावच नव्हता. डिसेंबर १९८७च्या दुसऱ्या विंडोजमध्ये विंडो मोकळ्या झाल्या. एकीवर एक ठेवा, अर्धी झाका, कोपऱ्यात सारा, काठाबाहेर अर्धी ढकला. त्याच १९८७ साली मॅकिंटॉश टू आला आणि त्यात एकापेक्षा जास्त मॉनिटर जोडून एक सलग डेस्कटॉप करता येऊ लागला. विंडोजमध्ये ती सोय घरोघरी पोचली विंडोज ९८पासून. जमीन वाढली, आणि वाढलेली जमीन वायर काढताच नाहीशीही होऊ लागली.

आणखी एक जागा आहे जिथे विंडो हरवतात, आणि ती मला अजूनही अद्भुत वाटते. विंडोजमध्ये आपण एखादी विंडो मिनिमाइझ करतो तेव्हा ती लपते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात विंडोज तिला उचलून उणे ३२०००, उणे ३२००० या ठिकाणी नेऊन ठेवते. हा आकडा उगाच आलेला नाही. सोळा बिटांमध्ये मावणारी सगळ्यात लहान संख्या उणे ३२७६८, तिच्या जवळचा हा गोल आकडा. कुठलाही खरा मॉनिटर तिथवर पोचणार नाही अशी ती अडगळीची जागा. आता एखादा प्रोग्राम मिनिमाइझ असतानाच बंद झाला आणि त्यानं भाबडेपणानं "मी आत्ता कुठे आहे?" असं विचारून उत्तर लिहून ठेवलं, तर त्याच्या वहीत उणे ३२००० जातं. दुसऱ्या दिवशी तो तिथेच उघडतो. दुसरा मॉनिटर कधी पाहिलाही नाही अशा माणसाची विंडो हरवते ती बऱ्याचदा अशी. विंडोजकडे याचं नीट उत्तर देणारी वेगळी हाक, म्हणजे प्रोग्रामनं विंडोजला द्यायची ठरलेली आज्ञा, आहे, जी विंडो मिनिमाइझ असली तरी तिची मूळ जागा सांगते. पण लिहिणाऱ्याला ती माहीत असायला हवी.

मावशीला प्रोग्राम काढून परत घालू नको म्हटलं ते यासाठीच. तो टिपलेला कागद प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये सहसा नसतो. तो वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग साठवायच्या कोठारात, त्याच्या नावाच्या कप्प्यात असतो, आणि प्रोग्राम काढला तरी पुष्कळदा तिथेच राहतो. माणसं तासभर खर्चून सगळं काढतात, पुन्हा घालतात, आणि नवाकोरा प्रोग्राम जुनाच कागद वाचून पुन्हा त्याच ओसाड जागी जाऊन उघडतो. तेव्हा माणूस खरंच हताश होतो. आता आपल्या हातात काहीच नाही असं त्याला वाटतं. हा तास वाचवता आला असता तर किती बरं झालं असतं, असं मला दर वेळी वाटतं.

पण त्या रात्री एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती. डाव्या बाणानं ती विंडो यायला हवी होती. आणि तो टण आवाज कशाचा?

पहाटे कधीतरी डोळा लागला. सकाळी मी फोन करायच्या आत मावशीचाच फोन आला, आणि आवाज एकदम मोकळा होता. "सर आलेत. त्यांनी शोधून काढलं."

सर म्हणजे मावशीच्या श्रोत्यांपैकी एक, जन्मापासून दृष्टिहीन. पुढचं पुस्तक कुठलं घ्यायचं ते ठरवायला ते मधूनमधून येतात. मावशीनं त्यांना रात्रीची हकिगत सांगितली, तर ते म्हणाले, "ताई, जरा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवा." त्यांनी कीबोर्डच्या कडा चाचपल्या, एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांना लागले तसे हात स्थिर झाले. मग विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून त्यांनी विंडोजमधला स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज चालू केला. ऑल्ट धरून टॅब दाबत ते एकेका प्रोग्रामवरून पुढे सरकले, मावशीचा प्रोग्राम आला तिथे थांबले. आणि तो आवाज मावशीच्या खोलीत वाचू लागला. मागच्या वेळी प्रोग्राम नीट बंद झाला नव्हता. अर्धवट राहिलेलं काम परत आणायचं का?

एक चौकट होती. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत रविवारपासून तिष्ठत बसलेली.

मग सगळं जुळलं. रविवारी मावशीनं फाइलवर डबल क्लिक करून प्रोग्राम उघडला होता, काहीच दिसलं नाही म्हणून चार वेळा केलं, आणि शेवटी वैतागून पॉवरचं बटण दाबून लॅपटॉप बंद केला होता. त्यामुळे पुढच्या वेळी प्रोग्रामनं आधी ही चौकट उघडली. अशी चौकट आपल्या मुख्य विंडोच्या मधोमध येते. मुख्य विंडो उणे सतराशेवर, म्हणून चौकटही तिथेच. आणि चौकटीला उत्तर मिळेपर्यंत मागची विंडो गोठलेली. डावा बाण जात होता तो त्या चौकटीकडे, आणि आकार न बदलणाऱ्या अशा चौकटी काठाला जाऊन चिकटत नाहीत. टण हा आवाज तिचाच होता. छोट्या चित्रात ती दिसली नाही कारण ते चित्र फक्त मुख्य विंडोचं होतं. प्रोग्राम "हँग झाला" म्हणून आपण जे म्हणतो, त्यातले काही प्रसंग असेच असतात. स्क्रीनबाहेर कुणीतरी प्रश्न विचारून उभं असतं.

सरांनी टॅब दाबून बटणांची नावं ऐकली, "होय" ऐकू आलं तसं एंटर दाबलं. अकरावं प्रकरण परत आल्याचं त्या आवाजानं सांगितलं. मावशीला अजून काहीच दिसत नव्हतं, पण तिच्या जिवात जीव आला. मग मी फोनवरून म्हटलं, आता विंडोजची कळ आणि डावा बाण. विंडो डावीकडून आत आली आणि अर्ध्या स्क्रीनवर येऊन थांबली. मावशी नुसतं "आली, आली" म्हणत होती.

नंतर सर फोनवर आले. मी त्यांना विचारलं की तुम्हाला हे कसं सुचलं. त्यांना माझा प्रश्नच जरा नवलाचा वाटला असावा. ते म्हणाले, "मला ती कधी हरवलेलीच नव्हती. विंडो कुठे आहे हे मला कुणी सांगतही नाही आणि मी विचारतही नाही. ती उघडी आहे का आणि काय म्हणतेय, एवढंच मी ऐकतो."

हे वाक्य मी किती दिवस मनात घोळवतेय. आपण डोळस माणसं विंडो म्हणजे जागा समजतो. डावीकडची, मधली, मागे झाकलेली. जागा गेली की आपल्या लेखी ती वस्तूच गेली. स्क्रीन वाचणारा प्रोग्राम आकड्यांच्या तक्त्याकडे फारसा बघत नाही. कुठली विंडो कुणाची, तिच्यात कुठली बटणं, आत्ता लक्ष कशावर आहे, या नात्यांमधून तो वाट काढतो. उणे सतराशे असो की अधिक दोनशे, त्याला सारखंच. मावशी ज्यांच्यासाठी वाचते त्यांच्यातल्याच एकानं तिला तिचा प्रोग्राम वाचून दाखवला.

आणि मला जाणवलं की हरवलेली विंडो परत आणायचे जवळजवळ सगळे उपाय कीबोर्डवरचेच आहेत. माउस तिथे पोचूच शकत नाही, कारण माउसचा बाण असलेल्या स्क्रीनच्या काठाशी अडतो. पण पहिल्या विंडोजच्या काळात पुष्कळ कॉम्प्युटरांना माउसच नसे. म्हणून विंडो हलवणं, लहानमोठी करणं, बंद करणं, प्रत्येक गोष्ट कळांनी करता यायलाच हवी होती. १९८७मध्ये आयबीएमनं कळांचे नियम एकसारखे असावेत म्हणून मार्गदर्शिका काढली. ऑल्ट आणि एफ ४ दाबून विंडो बंद करायची आपली सवय त्या परंपरेतली. ही वाट तेव्हापासून कुणी बुजवली नाही, आणि सरांसारखी माणसं तिच्यावरून रोज चालतात म्हणूनही ती राबती राहिली.

त्यातली जुनी, खात्रीची युक्ती इथे नीट सांगते, कारण डावा बाण चालला नाही तर हीच उपयोगी पडते. आधी ऑल्ट धरून टॅबनं त्या प्रोग्रामवर या, म्हणजे पुढच्या कळा त्याच्याकडेच जातील. घाईत हेच राहून जातं आणि मग बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही. मग ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा आणि सोडा. विंडोचा छोटा मेन्यू उघडतो. तो स्क्रीनच्या काठाशी दिसेल किंवा दिसणारही नाही, दिसला नाही तरी घाबरू नका. इंग्रजी विंडोज असेल तर एम दाबा. एम म्हणजे हलवा. आता कुठलाही एक बाण एकदाच दाबा. या एका दाबानं विंडो माउसला चिकटते. यानंतर माउस हलवला की विंडो त्याच्यामागे ओढली जाते आणि स्क्रीनवर येते. क्लिक केलं की सुटते. फोनवर सांगताना मी "दाब आणि सोड" हे शब्द मुद्दाम दोनदा म्हणते. ऐकणारा माणूस ऑल्ट, स्पेस आणि एम तिन्ही एकदम धरून बसतो, आणि त्यात त्याची चूक नसते. आपणच तिन्ही नावं एका दमात घेतलेली असतात.

विंडो तिकडे पूर्ण मोठी करून ठेवलेली असेल तर हलवा हा पर्याय फिका दिसतो आणि चालत नाही. तेव्हा आधी त्याच मेन्यूत आर दाबून ती नेहमीच्या आकारात आणायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. कळा जमत नसतील तर शिफ्ट धरून टास्कबारवरच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की हाच मेन्यू समोर येतो. विंडोज १०पर्यंत टास्कबारवर उजवं क्लिक करून सगळ्या विंडो एका ओळीत मांडायची आज्ञा होती, तिनं हरवलेल्याही परत यायच्या. विंडोज ११मध्ये ती काढली. मला तिची उणीव भासते.

कधी कधी मॉनिटर गेलेला नसतो, असल्याचा भास असतो. टीव्ही वायरनं जोडलेला आहे, बंद आहे, पण कॉम्प्युटरला तो आहेच असं वाटतं आणि तो विंडो तिकडे उघडतो. अशा वेळी विंडोज आणि पी दाबून "फक्त कॉम्प्युटरची स्क्रीन" निवडलं की सगळं आपल्याकडे परततं. विंडोजसारखीच दुसरी प्रणाली असलेल्या लिनक्सवर विंडो दाखवायची वेलँड नावाची नवी पद्धत आली आहे, तिच्यात प्रोग्रामला आपली जागा स्वतः ठरवताच येत नाही, ते काम वरच्या व्यवस्थेकडे असतं. मला हा विचार आवडतो. ज्याला सगळे मॉनिटर माहीत आहेत त्यानंच जागा द्यावी.

पण विंडोजवर ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे, आणि तिथे मला स्वतःबद्दल बोलणं भाग आहे. मीही प्रोग्राम लिहिते. मावशीची विंडो परत आली त्याच दुपारी मी आमच्या कामातल्या एका छोट्या प्रोग्रामचा कोड उघडला. डावा काठ, वरचा काठ, रुंदी, उंची. चार आकडे लिहिणाऱ्या चार ओळी, चार आकडे वाचून विंडो तिथे ठेवणाऱ्या चार ओळी. मध्ये काही नाही. मीसुद्धा तो प्रश्न विचारलेला नव्हता. मला कुणाची तक्रार आली नव्हती, आणि आता वाटतं की तक्रार न येण्याचं कारण मला माहीत आहे. कुणीतरी कुठेतरी "मी काय बिघडवलं" म्हणून गप्प बसलं असेल.

दुरुस्तीला फार लागत नाही. हा चौकोन कुठल्या मॉनिटरवर पडतो असं विंडोजला विचारता येतं, आणि कुठल्याच नाही असं उत्तर आलं तर जवळचा मॉनिटर विचारता येतो. जागा परत ठेवायची जी खास हाक आहे ती तर विंडो पूर्ण बाहेर जात असेल तर स्वतःच आत ओढून घेते. मी तेवढ्यावर थांबले नाही. विंडोचा खालचा कोपरा दोन बोटं स्क्रीनवर दिसतोय आणि वरची शीर्षकाची पट्टी बाहेर आहे, अशा वेळी विंडो "दिसते" पण पकडता येत नाही. म्हणून मी अट घातली की पट्टीचा पुरेसा तुकडा एखाद्या चालू मॉनिटरवर असलाच पाहिजे. नसेल तर आठवण बाजूला ठेवायची आणि मुख्य स्क्रीनच्या मधोमध उघडायचं. चौकटींनाही तोच नियम.

मग तपासलं. विंडो डावीकडच्या मॉनिटरवर नेली, प्रोग्राम बंद केला, वायर काढली, पुन्हा उघडला. मधोमध आला. पुन्हा वायर लावून, मिनिमाइझ करून, तसाच बंद करून, उघडला. आला. मॉनिटर उजवीकडे, वर, तिरपा ठेवून पाहिला. सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतः हातानं उणे ३२००० लिहून पाहिलं. आला.

अकरावं प्रकरण पूर्ण झालं तशी मावशीनं बारावं वाचायला घेतलं, आणि ते मोठं आहे म्हणून तिला पुन्हा एक दिवस मॉनिटर हवा होता. मी नेला. याही वेळी टेबलावर जागा डावीकडेच होती. दिवसभर तिनं काम केलं. संध्याकाळी मी उठून वायरीकडे हात नेला, तर मावशी म्हणाली, "थांब. आधी विंडो इकडे घेऊ दे, मग बंद करते, मग काढ." तिनं विंडोज आणि शिफ्ट धरून उजवा बाण दाबला. विंडो मोठ्या मॉनिटरवरून उडी मारून लॅपटॉपवर आली. तिनं प्रोग्राम बंद केला, एकदा उघडून पाहिला, पुन्हा बंद केला.

"आता काढ," ती म्हणाली.